पंचवीस मिनिटांचा वारा

१२ सप्टेंबर

प्रिय चिमे,

फोन ठेवायच्या आधी तू म्हणालीस, "ताई, फोनवर तू इतकं गोड बोलतेस, की हो म्हणालीस की नाही म्हणालीस तेच मला कळत नाही. काय ते लिहून पाठव." म्हणून लिहायला बसले. कागद आणायला गेले तर दुकानदाराने विचारलं, "रेघांचा देऊ की कोरा?" रेघांचा घेतला. कोऱ्यावर माझी ओळ वर चढत जाते, हे तुला माहीतच आहे.

तुझा प्रश्न असा. डिसेंबरात तुझ्या पाठीचं ऑपरेशन. त्यानंतर सहा महिने जड उचलायचं नाही, आणि तुझ्या घरात जड म्हणजे आई. मास्तर धडधाकट आहेत, पण जावयाने धरून न्हाणीघरात न्यायचं म्हटलं तर आई आठवडाभर अंघोळ करणार नाही. दिवसरात्र राहणाऱ्या दोन बायका ठेवून पाहिल्या. पहिलीला आईने भाजी चिरायला शिकवली आणि दुसरीला पळवून लावलं. तेव्हा सहा महिने आईला माझ्याकडे ठेवता येईल का.

ठेवायला माझी काहीच ना नाही. मागची खोली रिकामी आहे, सकाळचं ऊन येतं, इमारतीला लिफ्ट आहे. अडचण आहे ती आणायची. डॉक्टरांचं म्हणणं तूच मला वाचून दाखवलंस: खुब्याच्या ऑपरेशननंतर एका बैठकीत साडेचार तासांच्या वर बसायचं नाही, आणि मध्ये विमान बदलायची दगदग तर नकोच. आता बघ. आपल्या दोन शहरांमध्ये नकाशावर दोरा ताणून धरला तर एकोणतीसशे किलोमीटर भरतात. पण दोऱ्यावरून कोणी जात नाही. आधी तिसऱ्याच शहरात उतरायचं, जे वाटेत नाहीच. तिथे बाकावर ताटकळायचं. मग दुसरं विमान. दाराला कुलूप लावल्यापासून धरलंस तर अख्खा दिवस जातो. आई ते कसं सोसेल?

माझं काम नेमकं काय आहे हे मी तुला कधी धड सांगितलं नाही. विमान कंपनीत आहे म्हटलं की लोकांना वाटतं, मी ट्रेमधून पाणी देत फिरते. मी वेळापत्रक विभागात बसते. तिकिटावर जो वेळ छापतात ना, अमुक वाजता सुटणार, तमुक वाजता पोचणार, त्यातला मधला वेळ मी ठरवते. अंतर बदलत नाही, वेळ बदलतो. जाताना वारा पाठीवर असतो आणि येताना तोच तोंडावर. गेल्या दहा वर्षांचा वारा माझ्या संगणकात भरून ठेवलेला आहे. त्यातून आकडा काढायचा आणि वर थोडा बफर ठेवायचा, म्हणजे कोणी उशीर झाला म्हणून ओरडत नाही. विमान वेळेआधी उतरलं की काही लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या खरं म्हणजे माझ्या असतात.

सध्या कामाचं जरा जास्त आहे. हिवाळ्याच्या वेळापत्रकात दोनचार नवे मार्ग येऊ घातलेत.

'माझ्या हातात असतं तर आईला थेट विमानाने आणलं असतं,' असं मी तुला फोनवर म्हणाले होते. तेच वाक्य इथे लिहायला घेतलं आणि का कोण जाणे, नको वाटलं.

पाठीला शेक घेत जा. शिवणाच्या दुकानातलं कापड कापायचं काम उभ्याने कर, वाकून नको.

ताई


२८ सप्टेंबर

चिमे,

तुझं उत्तर मिळालं. एवढ्या मोठ्या पाकिटात दोन ओळी. "मास्तरांच्या शाळेत कोणीतरी सांगत होतं, दोन शहरांमध्ये थेट विमान सुरू होतंय, तुझ्याच कंपनीचं. खरं का?"

खरं आहे. म्हणजे प्रस्ताव आहे, आणि तो माझ्याच टेबलावर होता. आधी सांगितलं नाही कारण असलं काही बाहेर बोलायचं नसतं. तू बाहेरची नाहीस हे मला कळतं, चिमे. पण नियम म्हणजे नियम.

पण तू आशा धरून बसू नकोस. अडचण तुमच्याकडून इकडे येतानाची आहे. हिवाळ्यात त्या वाटेवर समोरून वारा असतो, आणि तो चांगला धटिंगण असतो. मी काढलेला वेळ चार तास पस्तीस मिनिटं आहे. डॉक्टरांच्या मर्यादेच्या तोही बाहेर. शिवाय कंपनीचं एक वेगळंच गणित असतं: वैमानिकांच्या एकाच जोडीने जाऊन परत यायचं आणि दिवसात आठ तासांवर उडायचं नाही. माझा आकडा धरला तर ते आठ तास ओलांडतात. मग दुसरी जोडी, त्यांचा मुक्काम, आणि एवढं करून विमान भरणार किती? साहेब उद्या ठरवतील. जमेल असं दिसत नाही.

आकडा मी आज दुपारी दिला.

एक गंमत सांगते. माझ्या समोरच्या टेबलावर आमचे कप्तान बसतात. वैमानिक होते, कानाच्या दुखण्यामुळे खाली आले, आता आमचे आकडे तपासतात. कागद हातात घेऊन म्हणाले, "बाई, चार पस्तीस?"

"हो."

"त्या वाटेवर मी सात हिवाळे काढलेत. रमतगमत आलो तरी चार दहा."

"म्हणून तर तुम्हाला खाली बसवलं."

हसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा कागद बघितला. "वारा वाढला म्हणायचा," असं म्हणून त्यांनी सही केली. माझ्या आकड्यावर ते सहसा दुसऱ्यांदा बघत नाहीत.

यात गंमत काय, असं तू विचारशील. पत्र पुन्हा वाचताना मलाही तोच प्रश्न पडला. राहू दे, खोडाखोड करत नाही.

आईला सांग, तिची काळी शाल माझ्याकडे राहिली होती ती पाठवते आहे.

ताई


१९ ऑक्टोबर

प्रिय चिमे,

मार्ग रद्द झाला हे तुला कळलंच असेल. साहेबांनी दहा मिनिटांत विषय संपवला. "वेळ बसत नाही," म्हणाले, आणि पुढचा कागद घेतला.

आईसाठी न्हाणीघरात वापरायची चाकांची खुर्ची पाठवली, ती पोचल्याची तुझी ओळ आली. "खुर्ची आली. तू नाही आलीस." मी ते वाचून पाकिटात परत घातलं, मग पुन्हा काढून वाचलं. फोनवर आईला विचारलं, खुर्ची कशी आहे. म्हणाली, "चांगली आहे गं. चाकं छान पळतात. आणि उलट बोलत नाही, म्हणजे तुम्हा दोघींपेक्षा बरी."

तू ऑपरेशन पुढे ढकललंस हे मास्तरांकडून समजलं. उन्हाळ्यानंतर बघू, असं म्हणालीस म्हणे. मास्तरांचा आवाज रागावल्यासारखा नव्हता. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "ताई, ती रात्रीची कूस बदलताना पण मला उठवते हो," एवढंच म्हणाले.

आता एक लिहिते. तू ढकललंस हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती तुझ्या पाठीची नव्हती. मला हायसं वाटलं. घरी आले, मागच्या खोलीचं दार उघडून उभी राहिले. इस्त्रीचं टेबल, पुस्तकांची खोकी, माझी सायकल, सगळं जिथल्या तिथे. आता यातलं काही हलवावं लागणार नाही, असं वाटलं. आणि मग जेवले. नीट जेवले, चिमे.

तू म्हणाली होतीस लिहून पाठव म्हणजे कळतं. मला वाटलं होतं, तुला कळेल असं म्हणायचंय तुला. लिहिल्यावर कळलं ते मलाच.

चाकांना कुलूप असतं, लाल खटका. आईला उठवायच्या आधी तो दाबत जा.

ताई


२३ नोव्हेंबर
विमानतळ, मधलं शहर

चिमे,

तू हे वाचशील तेव्हा शुद्धीवर असशील, अशा हिशेबाने लिहिते आहे. मास्तरांचा फोन आत्ता येऊन गेला. ऑपरेशन झालं, डॉक्टर बरं म्हणतात, पायाचं नंतर सांगू म्हणतात. 'पायाचं नंतर' म्हणजे काय, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

मी बाकावर बसले आहे. दुसरं विमान संध्याकाळी आहे. समोर एक बाई पोराला केळं भरवते आहे आणि ते पोर केळं सोडून सगळं खातं आहे. तुला सांगितलेला तो अख्खा दिवस मी आज बसून काढते आहे. सांगितला त्याहून तो लांब आहे.

काल सकाळी आईचा फोन आला. आई कधी स्वतःहून फोन करत नाही, बटणं बारीक आहेत म्हणते. म्हणाली, "चिमी पडली."

"कुठे? तू कशी आहेस? तू पडलीस का?"

"मी कशाला पडते. तिने मला धरून ठेवलं होतं. खुर्चीवरून उठवत होती, तिची पाठ गेली, पण मला सोडेना. मला भिंतीला टेकवलं आणि मग खाली बसली. तिचा पाय तिला कळत नाही म्हणते." मग "ये," म्हणाली. सांगतात तसं म्हणाली, विचारतात तसं नाही.

ऑफिसात रजा मागायला गेले ती साहेबांसमोर उभी राहिले आणि रजेच्या आधी दुसरंच बोलले. ते तुला सांगते. हे पत्र त्यासाठीच आहे, बाकी सगळं मी लांबण लावते आहे.

वारा तेवढा नव्हता, चिमे.

चार तास दहा मिनिटं. कप्तान म्हणाले तेच. माझ्या संगणकातही तेच आलं होतं, पहिल्याच झटक्याला. आमची रीत अशी की दहातल्या आठ दिवसांना पुरेल एवढा वेळ धरायचा. उरलेल्या दोन दिवशी थोडा उशीर, लोक चालवून घेतात. मी त्या दिवशी आठ ऐवजी दहा धरले. सगळ्यात वाईट दिवसाचा वारा घेतला आणि तो सगळ्या हिवाळ्याला लावला. यात खोटं काही नाही. तो दिवस खरंच येऊन गेला होता, तारखेसकट दाखवता येईल. कोणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, सावध राहिलेलं बरं. पंचवीस मिनिटं वाढली. त्या पंचवीस मिनिटांनी वैमानिकांचे आठ तास भरले आणि आईचे साडेचार. एका बटणात दोन्ही. मी आकडा बदलला, पाणी प्यायला गेले, परत आले, तो तसाच होता. बदलायला दुपारभर वेळ होता.

लोक आईला टाळायला आजारी पडतात, परगावी जातात, फोन बंद ठेवतात. मी विमान बंद केलं.

का, ते सांगायला हवं. तू म्हणशील कारण कशाला, पण तरी.

मार्चमध्ये तुमच्याकडे आले होते तेव्हाची गोष्ट. तेव्हा आईला अंघोळ घालायला बाई यायची, ती त्या दिवशी आली नाही. तू दुकानात गिऱ्हाईकाची मापं घेत होतीस. मी म्हटलं, मी घालते. आईचा चष्मा काढलेला, डोळ्यांत साबण, नळ मोठा सोडलेला. मी काही न बोलता पाठ चोळत होते. आई मध्येच म्हणाली, "बाई, आमची थोरली आली आहे ना, ती परवा जाणार." मी पाठ चोळतच राहिले. "चांगली आहे हो ती. पण ती घरात असली की मला आजारी असायची चोरी वाटते. काही मागायचं म्हटलं की आधी तिचं घड्याळ बघावं लागतं. दुसऱ्यांसारखं तिच्याकडे अंग टाकता येत नाही." मी तिचे पाय पुसले. बोटांच्या मधलं पण पुसलं. चष्मा उशाशी ठेवला आणि बाहेर आले. तू विचारलंस, "झाली का अंघोळ?" मी म्हटलं, "झाली, छान झाली."

सहा महिने माझ्या घरात आई चोरून आजारी असणार, आणि मी ते बघणार. हे मला नको होतं. त्याहून साधं कारण पण आहे, तेही लिहिते, नाहीतर पुन्हा गोड होईल: मला माझं घर माझ्या एकटीचं आवडतं. यातलं कुठलं कारण मोठं, ते मला अजून ठरवता येत नाही.

साहेबांना म्हटलं, "त्या मार्गाचा आकडा मी चुकीचा दिला होता. चार दहा आहे." साहेबांनी खुर्ची फिरवली. कप्तान दाराशीच होते. साहेब म्हणाले, "चूक होते माणसाकडून. उन्हाळ्याच्या वेळापत्रकात पुन्हा घेऊ." मी म्हटलं, "चूक नाही. मला तो मार्ग नको होता. घरचं कारण होतं." साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल, कळतंय ना?" मी हो म्हटलं.

बाहेर आल्यावर कप्तान म्हणाले, "मला माहीत होतं बाई."

"मग सही का केलीत?"

"तुम्ही चुकत नाही म्हणून. एवढं चुकलात, म्हणजे तुमच्या घरात काहीतरी मोठं असणार असं वाटलं." ते मला सावरून घेत होते. मला कानफटात बसल्यासारखं झालं.

केळंवालं पोर झोपलं. हे पत्र मी मास्तरांच्या हाती देणार आहे. तू शुद्धीवर आल्यावर मी आत येईन आणि तुझा हात धरीन आणि काहीतरी गोड बोलेन, त्याच्या आधी तुला हे माहीत असायला हवं.

ताई


२६ नोव्हेंबर
तुझ्या घरून

चिमे,

मास्तरांनी तुझा निरोप सांगितला. त्यांना सांगवत नव्हता. चप्पल काढता काढता म्हणाले, "ती म्हणते, ताईने इतक्यात येऊ नये." मी म्हटलं, "पत्र वाचलं तिने?" म्हणाले, "दोनदा. मग मला वाचायला दिलं. मी नको म्हटलं." मास्तर मोठ्या मनाचे आहेत गं. मला ताट वाढून दिलं त्यांनी.

तेव्हा येत नाही. तुमच्या खिडकीतून इस्पितळाची टाकी दिसते. चालत पंधरा मिनिटं, असं मास्तर म्हणाले.

तुझं दुकान बंद ठेवलं आहे. एक बाई युनिफॉर्मची चौकशी करायला आली होती, तिला म्हटलं, शिवणारी आजारी आहे. "आणि तुम्ही?" "मी बहीण." "तुम्हाला येतं?" म्हटलं, "नाही." जाताना तिने माझ्याकडे असं पाहिलं, की यांचा उपयोग काय मग.

आईला मी सगळं सांगितलं. पहिल्याच सकाळी, तिला उठवून बसवल्यावर. खुर्चीचा लाल खटका आधी दाबला, तू तो दाबत होतीसच, आईने सांगितलं. म्हणजे खटका सुटला म्हणून तू पडली नाहीस, पाठच गेली. मी येताना वाटेत तेवढ्यावर आशा ठेवून होते, तेही लिहून टाकते.

आई ऐकून घेत होती. दुधाचा पेला दोन्ही हातांत धरलेला. सगळं संपल्यावर म्हणाली, "म्हणजे मी येऊ नये म्हणून तू विमान बंद पाडलंस?"

"हो."

"अख्खं?"

"हो आई."

"माझ्यासाठी कोणी एवढं मोठं काही केलं नव्हतं बाई आजवर." आणि दूध प्यायली. तिला हसू आलं होतं की काय ते मला पेल्यामुळे दिसलं नाही.

मग पेला खाली ठेवला. "पण मला एक सांग. तुझ्याकडे यायचंय असं मी कधी म्हटलं होतं?"

मी पेला उचलून बाजूला ठेवला.

"चिमी विचारत होती, आईला नेशील का. तू म्हणत होतीस, आईला आणायचं कसं. माझ्या डोक्यावरून तुमचं चाललेलं. मी काय कपाट आहे? मला माझं न्हाणीघर बरं आहे, माझी खिडकी बरी आहे. माझा खुबा मोडलाय, तुझा नाही. तू यायचंस."

चिमे, मी वीस वर्षं मार्गांचं काम करते आहे. एकही मार्ग एका बाजूने मांडत नाहीत, जाणं आणि येणं दोन्ही लिहावं लागतं, नाहीतर संगणक कागद पुढे सरकूच देत नाही. आणि आपल्या बाबतीत सहा आठवडे मी एकच बाजू मांडत होते: तुमच्याकडून माझ्याकडे. माझ्याकडून तुमच्याकडे येताना वारा पाठीवर असतो. मी ते कधी काढूनच बघितलं नाही. तूही विचारलं नाहीस. ताई येऊन सहा महिने राहील, हे तुझ्या मनातसुद्धा आलं नाही. इतकं तू मला ओळखून होतीस, आणि इतकं आईही.

मग मी तिला मार्चबद्दल विचारलं. "आई, त्या दिवशी न्हाणीघरात मी होते. ती बाई नव्हती."

"माहीत आहे."

"केव्हा कळलं?"

"हात लागला तेव्हाच. तुझे हात गार असतात. ती बाई आली की गरम पाण्यात हात घालायची आधी."

"मग तरी तसं बोललीस?"

"तोंडावर बोलले असते तर तू वाद घातला असतास. आणि वादात तू जिंकतेस." मग म्हणाली, "मला वाटलं, बाई समजून बोलले तर तू नुसतं ऐकशील. ऐकलंस. पण दार लावून बसलीस. तेवढं माझं चुकलं."

मी म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. ती म्हणाली, "चुकलं म्हणते तर चुकू दे की. सगळं तूच कशाला घेतेस? लहानपणी पण चिमीचं खेळणं मोडलं की तूच रडायचीस आणि खेळणं तिचंच मोडलेलं राहायचं."

हे वाक्य मला तीन दिवस पुरलं आहे. माझ्या अपराधाचं मी एवढं लांबलचक लिहिते आहे, आणि पाय तुझा आहे.

तुझ्या पायाचं काय म्हणतात ते मला कळवावंस असं नाही. मास्तर सांगतील तेवढं मी ऐकेन.

ताई


३ डिसेंबर

चिमे,

साहेबांना लिहून दिलं. सहा महिन्यांची बिनपगारी रजाही मागितली. उत्तर आलं: रजा मंजूर, परत आल्यावर माझी जागा माझी असेल असं सांगता येत नाही. बरोबर आहे त्यांचं. मागच्या खोलीसकट घराची किल्ली कप्तानांना पाठवून दिली, त्यांची भाची घर शोधते आहे.

हे तुला खूश करायला केलेलं नाही. तुला आवडलं नाही तर मी समोरच्या गल्लीत खोली बघते, पण इथे राहते. आईचं उठणं बसणं माझ्याकडे. आता सकाळी गरम पाण्यात हात घालते आधी. आई काही बोलत नाही, पण परवा तिने स्वतःहून पाणी मागितलं. पहाटे. "उठ गं," म्हणाली, "पाणी दे." दिलं. ग्लास परत घेताना म्हणाली, "अजून थोडं."

आज संध्याकाळी मास्तर आले. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाले, "ताई, अंगठा हलला तिचा."

आई आतून ओरडली, "काय हललं?" मास्तर म्हणाले, "अंगठा, आई. डाव्या पायाचा." आई म्हणाली, "मग बाकीचा पाय येईल मागून." आणि आतून तिने नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"आणि एक निरोप आहे," मास्तर म्हणाले.

मी उभीच. ये म्हणशील असं मला वाटलं नव्हतं, खरं सांगते. तरी उभीच राहिले.

"ती म्हणाली, उद्या आईंचं डोकं धुवायचा दिवस. त्यांच्या डाव्या कानात पाणी जायला नको, कापूस घालायला सांगा. आणि म्हणाली, ताईला हे माहीत नसेल."

नव्हतं माहीत. डाव्या कानाला काय झालं, केव्हा झालं, काहीच माहीत नव्हतं मला. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, दोन वर्षं झाली.

कापूस आणून ठेवला आहे. घालीन. मला माहीत नाही असं आणखी पुष्कळ असेल, चिमे. रोज एकेक कळवत जा. दुसरं काही लिहू नकोस हवं तर.

ताई